आधी आळं, मग शेड

एमआयडीसीत भूखंड घेणाऱ्या उद्योजकाच्या भाडेपट्ट्यात एक कलम असतं. वर्षभराच्या आत स्वतःच्या खर्चाने मोकळ्या जागेत झाडं लावायची, दर २०० चौरस मीटरला निदान एक, शिवाय रस्त्याकडेच्या बाजूला दर १५ मीटरला एक, आणि पट्ट्याची मुदत संपेपर्यंत ती चांगल्या स्थितीत राखायची. पट्टा ९५ वर्षांचा. म्हणजे कागदावर पाहिलं तर सरकारने उद्योजकाच्या तीन पिढ्या माळीकामाला जुंपल्या आहेत. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कलमावर सही होते आणि फाइल बंद होते. पुढे कधीतरी, शेड उभी राहून रंगरंगोटी झाली, उद्घाटनाचे पाहुणे ठरले, की आठवडाभर आधी लँडस्केपवाला येतो. गेटपाशी लॉनचे तयार तुकडे अंथरतो, दोन बाजूंना बॉटल पाम उभे करतो, कडेने पिवळ्या ड्युरांटाची किनार ओढतो आणि बिल पाठवतो. या हिरवाईबद्दल कोणाची तक्रार नसते, कारण ती शोभेची असते हे सगळ्यांनी आधीच धरलेलं असतं.

हे धरून चालणंच मुळात इतिहासाला सोडून आहे. आपल्याकडे कारखान्याच्या आवारात झाडं आली ती विहीर, बॉयलर आणि कामगारांच्या खोल्या यांच्या जोडीने आली. उघड्या माळावर माणसं टिकत नव्हती, धूळ बसत नव्हती, पाणी थांबत नव्हतं. त्यावरचा तो इलाज होता. बाग हे कारखान्याचं एक अवजार होतं, आणि ती शोभेची वस्तू झाली ती बरीच नंतर. मालकांच्या औदार्याच्या कथा आपण हौसेने सांगतो, पण ज्यांनी झाडं लावली आणि ज्यांनी लावली नाहीत अशा दोघांचा हिशेब शेजारी शेजारी मांडला, तर औदार्यापेक्षा गरजेचा धागा ठळक दिसतो.

ज्यांनी लावली नाहीत त्यांच्यापासून सुरुवात करू. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला कापडगिरणीचा घाट घातला आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत परळ-लालबाग भागात गिरण्यांची रांग लागली. ज्या बेटावर हे घडलं त्याच्या नावांत बागाच बागा होत्या. लालबाग आहेच, गिरगावात फणसवाडी आहे, कांदेवाडी आहे. किनारपट्टीच्या मराठीत वाडी म्हणजे नारळी-पोफळीची, फळझाडांची लागवड. देशावर वाडी म्हणजे लहानशी वस्ती. मुंबईत पहिल्या अर्थाच्या वाड्या दुसऱ्या अर्थाच्या झाल्या, आणि झाडं नावापुरती उरली. गिरणीच्या आवारात मोकळी जागा असे, पण ती कापसाच्या गाठी उतरवायला. तळंही असे, पण ते वाफेच्या इंजिनाच्या कंडेन्सरला थंड पाणी हवं म्हणून. सावलीसाठी मुद्दाम राखलेला कोपरा क्वचित. याचं कारण गिरणीमालक रुक्ष होते असं नाही. त्यांच्यातल्या कित्येकांचे स्वतःचे बंगले बागांनी वेढलेले होते. कारण असं की कामगार आपणहून येत होता. रत्नागिरीहून बोटीने, साताऱ्याहून आगगाडीने माणसं येत, गाववाल्याच्या खोलीत दहाजणांत अकरावा होऊन राहत, आणि रोज सकाळी बदली कामगारांचा घोळका गेटवर उभा असे. ज्याच्या दारात रोज माणसं उभी आहेत त्याने आवार राहण्याजोगं करण्यासाठी खर्च का करावा? त्यांनी केला नाही.

नागपूरला चित्र वेगळं होतं. जमशेटजी टाटांनी तिथे जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा स्वस्तात घेतली आणि ती भरून काढून १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. हा गृहस्थ जमिनीत सोनं पुरतोय म्हणून एका सावकाराने कर्ज नाकारलं आणि पुढे तोच म्हणाला की यांनी माती टाकली आणि सोनं काढलं, असा किस्सा सांगतात. किस्सा जाऊ द्या. महत्त्वाचं हे की इथे गेटवर रांग नव्हती. गैरहजेरी ही रोजची डोकेदुखी होती. माणूस सणाला गावी गेला की परत येईल याचा भरवसा नसे. तेव्हा टाटांना माणूस टिकवण्याच्या युक्त्या शोधाव्या लागल्या. गिरणीत हवा खेळती आणि दमट ठेवणारी यंत्रं आली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आला. कामाची जागा सुसह्य असणं हा उत्पादनाचा भाग आहे, हा धडा तिथे गिरवला गेला.

त्या धड्याचा पुढचा भाग १९०२ च्या एका पत्रात दिसतो. पोलाद कारखान्याची जागा ठरायला अजून पाच वर्षं होती, आणि पुढे तो जिथे उभा राहिला त्या साकची गावाचं नावही कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हतं. त्या वेळी जमशेटजींनी मुलाला, दोराबजींना, लिहून कळवलं की गाव वसवाल तेव्हा रुंद रस्ते करा, त्यांच्या कडेला सावलीची झाडं लावा, हिरवळीला आणि बागांना भरपूर जागा सोडा, खेळाची मैदानं ठेवा, देऊळ-मशीद-चर्चला जागा राखा. हे पत्र भाषणांतून इतक्यांदा येऊन गेलंय की त्यातला एक बारकावा कोणाच्या लक्षात राहत नाही. झाडांपैकी एकाआड एक झाड झपाट्याने वाढणाऱ्या जातीचं असावं, असं त्यात आहे. भूतदयेने लिहिणारा माणूस झाडं लावा म्हणून थांबेल. एकाआड एक म्हणणाऱ्याने वेळेचा हिशेब केलेला आहे. वड, चिंच, आंबा यांची सावली मिळायला पंधरा-वीस वर्षं जातात. भट्टीवर काम करणाऱ्याला सावली तिसऱ्या-चौथ्या वर्षी हवी असते. म्हणून घाईचं झाड आणि सबुरीचं झाड आलटून पालटून लावायचं. घाईचं आधी सावली देईल आणि म्हातारं होऊन जाईल, तोवर सबुरीचं वर आलेलं असेल. अनुभवी माळी हे आजही असंच सांगेल. जमशेटजी १९०४ मध्ये वारले, गाव त्यांच्या नावाचं झालं आणि पहिलं पोलाद १९१२ मध्ये ओतलं गेलं. यातलं त्यांनी काहीच पाहिलं नाही, पण झाडांचं वेळापत्रक ते लिहून गेले होते.

या साऱ्या इतिहासात मराठी माणसाला सर्वांत जवळचं आणि माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण किर्लोस्करवाडीचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा बेळगावातला कारखाना नगरपालिकेच्या वाढीव वस्तीच्या आराखड्यात सापडला आणि जागा सोडण्याची वेळ आली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळ, ३२ एकरांचा माळ देऊ केला, आणि १९१० मध्ये बिऱ्हाड हललं. माळ म्हणजे शब्दशः माळ. पर्जन्यछायेचा मुलूख, पाण्याची वानवा, जमिनीभर निवडुंग आणि निवडुंगात नाग. मुंबईच्या मालकाला जागा महाग पडे आणि माणूस स्वस्त. इथे जागा मिळाली होती, पण तिच्यावर माणसाने का राहावं हा प्रश्न होता. बेळगावसारखं हवेशीर गाव सोडून कारागिरांच्या बायकामुलांनी विंचवा-सापांच्या माळावर संसार मांडायचा होता. लक्ष्मणरावांचे थोरले बंधू रामूअण्णा यांनी वस्तीचं काम अंगावर घेतलं. त्या कामात झाडी, रस्ते, गटारं, पाणी ही एकाच यादीतली कलमं होती.

निवडुंग काढणं म्हणजे काय, हे जरा जवळून पाहायला हवं, कारण लँडस्केपिंग या गुळगुळीत शब्दाखाली ते झाकलं जातं. फड्या निवडुंग तोडून टाकला की संपला असं होत नाही. तुटलेलं प्रत्येक पान जिथे पडेल तिथे मूळ धरतं. निष्काळजीपणे तोडणारा एका बेटाची दहा बेटं करून ठेवतो. त्यामुळे तो मुळासकट खणायचा, तुकडे गोळा करायचे, वाळवून जाळायचे किंवा खोल पुरायचे. त्याच्या बारीक कुसळांनी हात सुजतात. जमीन मोकळी झाली की तिच्यात मुरूम निघतो. मुरमात रोप नुसतं खोचलं तर ते पहिला पावसाळा जगतं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात मरतं. खड्डा तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल असा पहारीने फोडून काढावा लागतो. मग त्यात नदीकाठची पोयट्याची माती आणि शेणखत भरून, भोवती आळं करून पाणी द्यावं लागतं. एका झाडाचा खड्डा म्हणजे एका माणसाचा दिवस. ओतकाम करणारी माणसं या कामाला लावणारा मालक ते हौसेखातर करत असेल यावर माझा विश्वास बसत नाही. शिवाय किर्लोस्कर नांगर विकत होते. लोखंडाच्या नांगराने जमीन नासते ही शेतकऱ्याची समजूत त्यांना मोडून काढायची होती, आणि पहिले नांगर गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून राहिले होते. हा माझा तर्क आहे, पण नांगर घ्यायला आलेल्या शेतकऱ्याला कारखान्याभोवती निवडुंगच दिसला असता, तर त्याने नांगरावर विश्वास का ठेवावा? ओसाड माळाची वस्ती करून दाखवणं हीच त्या धंद्याची सर्वांत मोठी जाहिरात होती. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी आपल्या इंग्रजी आत्मचरित्राला ‘कॅक्टस अँड रोझेस’ असं नाव दिलं. निवडुंग आणि गुलाब ही जोडी त्यांना उपमा म्हणून शोधावी लागली नसेल. बालपणी ती दाराबाहेरच होती.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. हे सगळं साहेबाचं अनुकरण होतं, असं म्हणता येईल. कॅडबरी बंधूंनी १८७९ मध्ये बर्मिंगहॅम शहरातून कारखाना बाहेर नेऊन बोर्नव्हिल वसवलं आणि बागेतला कारखाना म्हणून त्याची ख्याती झाली. लीव्हरने १८८८ मध्ये पोर्ट सनलाइट उभारलं. अमेरिकेत डेटनला नॅशनल कॅश रजिस्टरच्या जॉन पॅटरसनने आवार आखायला ऑल्मस्टेड घराण्याच्या नामांकित पेढीला बोलावलं. ही उदाहरणं जगभर छापली गेली होती, आणि आपल्याकडचे कर्ते उद्योजक परदेशी मासिकं वाचत होते. उसनवारी झालीच नाही असं मी म्हणणार नाही. पण वाटेची दिशा पाहा. कॅडबरी धुराने कोंदलेल्या शहरातून ओढ्याकाठच्या कुरणात गेले. तिथे हिरवं आधीपासून होतं. ते मोडू नये इतकीच काळजी घ्यायची होती. किर्लोस्कर गावातून माळावर गेले. तिथे हिरवं म्हणून जे काही होतं ते आधी उपटून टाकायचं होतं. इंग्लंडच्या कारखान्याची बाग ही राखलेली बाग, दख्खनच्या कारखान्याची बाग ही खणलेली बाग. कल्पना पुस्तकातून आली असेल, पण पुस्तकात पोयट्याची माती आणि मे महिना नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा. कारखान्याची बाग हा मालकाचा पडदा आहे. कामगार खूश राहावा, संघटना होऊ नये, बाहेरच्यांना भिंतीआडचं दिसू नये म्हणून लावलेला. याला पुरावा हवा असेल तर शिकागोजवळच्या पुलमन गावाचा आहे. रेल्वेचे डबे बांधणाऱ्या जॉर्ज पुलमनने १८८० च्या दशकात फुलझाडं, तळं, आखीव रस्ते यांनी सजवलेलं गाव वसवलं. मंदी आली तशी मजुरी कापली, पण घरभाडं कमी केलं नाही. १८९४ मध्ये तिथे जो संप झाला तो अमेरिकेच्या इतिहासातल्या मोठ्या संपांपैकी एक ठरला. फुलांनी पोट भरत नाही हे सांगायला इतका लांबचा दाखलाही लागू नये. मी हा आक्षेप मान्य करतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य करत नाही. पुलमनच्या कामगारांनी झाडं तोडा अशी मागणी केली नव्हती. भाडं कमी करा अशी केली होती. गिरणगावातल्या कामगाराला बागही मिळाली नाही आणि पगारही झगडूनच मिळवावा लागला. आवार उजाड राहिल्याने मालक अधिक प्रामाणिक ठरला असं काही झालं नाही. झाडाने अन्याय झाकला जातो हे खरं धरलं, तरी झाड नसल्याने तो उघडा पडतो हे कुठे सिद्ध होतं? सावली ही मजुरीच्या जागी देता येत नाही. ती मजुरीच्या जोडीला द्यायची असते, आणि पंख्याला, पाण्याच्या माठाला जो न्याय तोच तिला.

विक्रोळीची गोष्ट निराळी आहे, आणि थोडक्यात सांगता येते, कारण तिथे मुख्य काम हात न लावण्याचं होतं. पिरोजशा गोदरेजांनी १९४३ मध्ये तिथली मोठी जमीन घेतली आणि लालबागेतला पसारा हळूहळू तिकडे हलला. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीच्या मतपेट्या याच आवारात घडल्या. जमिनीचा पूर्वेकडचा भाग ठाण्याच्या खाडीला भिडलेला, तिवर आणि कांदळ यांच्या चिखलाचा. त्या काळच्या कोणत्याही अभियंत्याच्या लेखी ती पडीक जागा होती. मुंबई अशाच जागा बुजवत वाढली होती. तिथे ती राखली गेली, आणि १९८० च्या दशकात तिच्या अभ्यासासाठी स्वतंत्र केंद्रही निघालं. धंद्याच्या दृष्टीने पाहिलं तर भरतीच्या पाण्याला थोपवणारी, किनारा धरून ठेवणारी भिंत फुकट मिळाली होती. तिला खत नको, माळी नको, पाणी तर नकोच नको. आवाराचं नियोजन म्हणजे काय लावायचं ते ठरवणं अशी आपली समजूत असते. काय तसंच सोडायचं हे ठरवायला जास्त अक्कल लागते, आणि त्याचं बिल करणारा कंत्राटदार अजून जन्मला नाही.

पिंपरी-चिंचवडचा पट्टा मात्र पुन्हा मुरमाचा. १९६२ च्या ऑगस्टमध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि त्याच दशकात टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, पुण्याकडे आली. तिचे सूत्रधार सुमंत मुळगावकर हे काटेकोर अभियंते. वाहनाचे सुटे भाग, साचे, हत्यारं घडवणाऱ्या कारखान्याचा शत्रू म्हणजे धूळ, आणि पुण्याच्या पश्चिमेच्या उघड्या माळावर मार्चपासून जूनपर्यंत धुळीखेरीज काही उडत नसे. मुळगावकरांनी तिथे मोठ्या प्रमाणावर झाडं लावून घेतली आणि एक तळं तयार करवलं. झाडांमुळे धूळ बसली, तळ्यामुळे झाडांना पाणी मिळालं, आणि पुढे हिवाळ्यात त्या तळ्यावर स्थलांतर करणारे पक्षी उतरू लागले. आज पक्ष्यांच्या छायाचित्रांनाच जास्त दाद मिळते. पण क्रम लक्षात घ्या. पाण्याचा विचार आधी, झाडांचा त्याच्या जोडीने, पक्षी आपणहून. जिथे पक्षी आणायचे म्हणून तळं खणतात तिथे बहुधा कारंजं होतं, आणि पंप जळला की डासांची पैदास.

हा क्रम नंतर उलटा झाला, आणि गंमत म्हणजे तो उलटा होण्यात चांगल्या कायद्यांचाच हात आहे. महाराष्ट्राने १९७५ मध्ये नागरी भागातल्या झाडांच्या रक्षणाचा कायदा केला. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९९४ मध्ये आणि मग २००६ मध्ये मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी सक्तीची करणाऱ्या अधिसूचना निघाल्या, आणि मंजुरीच्या अटींमध्ये आवाराच्या ३३ टक्के जागेवर हरित पट्टा ही अट नित्याची झाली. यामागची बुद्धी शुद्ध होती. धूर, धूळ, वास आणि आवाज अडवायला झाडांची दाट, उंच-बुटकी अशी फळी हवी, हे शास्त्रही बरोबर होतं. पण सरकारला मोजता येतं ते क्षेत्रफळ आणि नग. सावली मोजता येत नाही, झाड किती वर्षांनी कामाला येईल हे मोजता येत नाही, आणि वाऱ्याची दिशा कागदावर फार जागा घेते. नगावर मोजायचं ठरल्यावर मालकाने सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर दिसणारा नग शोधला. सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प यांच्या रांगा उभ्या राहिल्या, कारण त्यांना गुरं खात नाहीत किंवा त्या कापल्या तरी फुटतात. क्षेत्रफळावर मोजायचं ठरल्यावर लॉन आलं, कारण हिरवळीइतकं भरभर क्षेत्रफळ कशानेच भरत नाही. लॉनला सावली नाही, धूळ अडवण्याची उंची नाही, आणि दख्खनच्या उन्हाळ्यात त्याला दिवसाआड नव्हे, रोज पाणी लागतं. टँकरने पाणी आणणाऱ्या औद्योगिक वसाहतीत लॉन राखणं म्हणजे हरित पट्ट्याच्या नावाने केलेली उधळपट्टी आहे.

निसर्गप्रेमी इथे मला थांबवतील. जुन्यांची एवढी तरफदारी करू नका, त्यांनीही परदेशी झाडंच लावली, असं ते म्हणतील. गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यातला, सोनमोहरही इथला नव्हे. आपल्या जुन्या औद्योगिक वसाहती याच तिघांनी भरल्या आहेत. खरं आहे. देशी झाड पाखरांना, फुलपाखरांना, मातीला अधिक मानवतं, आणि आज नव्याने लावणाऱ्याने कडुनिंब, करंज, जांभूळ, अर्जुन, बकुळ यांच्याकडे आधी पाहावं. मात्र रेन ट्री आणि बॉटल पाम यांना एकाच पारड्यात घालणं बरोबर नाही. रेन ट्रीखाली एक ट्रक उभा राहतो, चार हमाल जेवायला बसतात आणि वॉचमन दुपारची डुलकी काढतो. बॉटल पामखाली त्याची स्वतःची कुंडीसुद्धा उन्हात असते. जुन्यांची निवड चुकली असेल. त्यांचा प्रश्न चुकला नव्हता. झाड कोणाच्या कामाचं, हे त्यांनी आधी विचारलं होतं.

राहतो तो छोट्या उद्योजकाचा आक्षेप, आणि मला तोच सर्वांत खरा वाटतो. टाटा, गोदरेज, किर्लोस्कर यांच्याकडे एकरांनी जमीन होती. भोसरीत किंवा वाळूजला कर्ज काढून शेड टाकलेल्या माणसाने ३२ एकरांच्या गोष्टी ऐकून काय करायचं? तर त्याने आकडेमोड करायची. समजा भूखंड १,००० चौरस मीटरचा आहे, २५ मीटर रुंद आणि ४० मीटर लांब. सुरुवातीला सांगितलेल्या कलमाप्रमाणे आत पाच झाडं आणि रस्त्याकडेला दोन. सातच. सात झाडांना बाग म्हणत नाहीत, पण ती कुठे लावायची याचा विचार शेडचा नकाशा काढतानाच केला तर ती यंत्रासारखी चालतात. पत्र्याच्या शेडची पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात दुपारी दोनपासून संध्याकाळपर्यंत तापते आणि आतला लेथवरचा माणूस भाजून निघतो. पाचांतली तीन झाडं त्या भिंतीपासून पुरेसं अंतर सोडून लावली, तर तिच्यावर ऊन पोचायच्या आत पानं अडवतात. कडुनिंब इथे उत्तम, कारण त्याची पानगळ कडक उन्हाळ्याच्या आधी उरकते आणि ऊन चढेपर्यंत तो पुन्हा हिरवा असतो. उरलेली दोन माल उतरवण्याच्या जागेवर, रस्त्याकडेची दोन धुळीच्या बाजूला. पत्र्यावरून वाहणारं पावसाचं पाणी गटारात सोडण्याऐवजी चर काढून आळ्यांकडे वळवायचं. यात लॉन नाही, कारंजं नाही, मोठा खर्चही नाही. नकाशा काढणाऱ्याने शेड भूखंडाच्या अगदी पश्चिम कडेला सरकवून ठेवली असेल, तर मात्र यातलं काहीच होणार नाही; तिथे मग उद्घाटनाच्या आठवड्यात पाम येतील.

उजाड ठेवलेल्या आवारांचं पुढे काय झालं, हेही नोंदवून ठेवायला हवं. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत तरतूद झाली की पुनर्विकास करताना गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळावा. २००१ मध्ये नियम बदलला आणि हे वाटप फक्त रिकाम्या जमिनीला लागू झालं. बांधकामाखालची जमीन त्यातून सुटली. प्रकरण न्यायालयांत गेलं आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. शंभर-सव्वाशे वर्षं त्या आवारांना कोणी बाग म्हणून पाहिलं नव्हतं, त्यामुळे वाटणीच्या वेळी ती फक्त जमीन होती, चौरस फुटाला भाव असलेली. तिकडे कुंडल रोड स्टेशनचं नाव बदलून किर्लोस्करवाडी झालं, आणि रेल्वेच्या वेळापत्रकात ते आजही आहे.

ज्यांच्या हातात यंदा भूखंडाचा ताबा येणार आहे त्यांच्यासाठी एवढंच: पट्ट्यातलं झाडांचं कलम सही करण्याआधी आर्किटेक्टला वाचून दाखवा, आणि खड्डे एप्रिल-मेमध्येच खणून ठेवा. महिनाभर उन्हात तापलेल्या खड्ड्यात जूनच्या पहिल्या पावसानंतर लावलेलं रोप धरतं. शेड पुरी होईपर्यंत थांबलात तर तुमचं एक वर्ष गेलं.